धाकटे गुरू

[मोठ्यांनी शिकवावे आणि लहानांनी शिकावे, अशी जगाची रीत आहे. परंतु लहान मुलेही आपल्या वागण्यातून मोठ्यांना बरेच काही शिकवीत असतात. त्यांच्याकडे लक्ष देऊन पाहणाऱ्यांना ते दिसते. चांगले जगण्यासाठी लहान मुलांकडून काय घ्यावे व काय घेऊ नये, हे या पाठात सांगितले आहे.]



तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादे लहान मूल असेल. धाकटा भाऊ असेल, धाकटी बहीण असेल किंवा थोरल्या आपाचे बाळ सुट्टीत तुमच्याकडे येत असेल. घरात कोणी लहान नसले, तर शेजारी तरी असेलच. हे मूल तुमच्या वहीवर रेघोट्या मारते, अब्बांचा चष्मा पळवते, दादीच्या पानाच्या डब्यात हात घालते. मग तुम्ही चिडून म्हणता, "याला काही कळत नाही!" दादी हसून म्हणते, "कळेल हळूहळू. लहान आहे अजून."

दोघांचेही बरोबर आहे. लहान मुलाला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. विस्तव भाजतो, विहीर खोल असते, रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात, हे त्याला मोठ्यांनीच शिकवावे लागते. परंतु काही गोष्टी अशा आहेत, की त्या लहान मुलाला न शिकवता येतात आणि मोठी माणसे मात्र त्या विसरून जातात. पडल्यावर पुन्हा उठणे, मन लावून काम करणे, न समजलेले विचारणे, झालेले भांडण विसरणे, या त्या गोष्टी. त्या विसरल्या, की माणसाचे जगणे जड होते. म्हणून आज आपण थोडा वेळ या धाकट्या गुरूंच्या वर्गात जाऊन बसू.

पहिला धडा : पडा आणि उठा

नुकत्याच चालू लागलेल्या बाळाकडे नीट पाहा. ते भिंतीला धरून उभे राहते. हळूच हात सोडते. दोन पावले टाकते आणि धपकन खाली बसते. पुन्हा उठते, पुन्हा दोन पावले, पुन्हा धप्प! अमेरिकेतील कॅरन अ‍ॅडॉल्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांचे असे चालणे मोजले. २०१२ साली त्यांनी आपला अभ्यास प्रसिद्ध केला. खेळता खेळता ही मुले एका तासात सरासरी २,३६८ पावले टाकत होती आणि त्याच तासात सरासरी १७ वेळा पडत होती.

एका तासात सतरा वेळा! आपण रस्त्याने जाताना एकदा पाय घसरून पडलो, तर आधी काय करतो? गुडघ्याला किती लागले, हे पाहण्यापूर्वी कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून चोहीकडे नजर टाकतो. बाळाला लागले तर ते रडते. पण रडणे संपले, की पुन्हा भिंत धरते. काल किती वेळा पडलो, याचा हिशेब ते ठेवत नाही. शेजारचे मूल आपल्या आधी चालू लागले, म्हणून रुसतही नाही. म्हणूनच काही महिन्यांत ते घरभर धावू लागते आणि त्याला पकडताना अम्मीची दमछाक होते.

आता स्वतःकडे पाहा. एका चाचणीत गुण कमी पडले, की "मला गणित जमतच नाही," असे आपण म्हणतो. शिवणयंत्रावर दोनदा दोरा तुटला, की "हे काम आपले नव्हे," असे म्हणून उठतो. दोनदा पडलो आणि चालायचे सोडले, असाच याचा अर्थ झाला. तुम्ही स्वतः एके काळी रोज कितीतरी वेळा पडून चालायला शिकला आहात. तुम्हाला ते आठवत नाही, इतकेच. तीच हिंमत आजही तुमच्यात आहे.

दुसरा धडा : मन लावून काम

इटली देशाची राजधानी रोम. तेथे सान लोरेन्झो नावाची गरिबांची वस्ती होती. आईबाप दिवसभर कामाला जात आणि लहान मुले घरी एकटी राहून जिन्यांवर, भिंतींवर उच्छाद मांडत. या मुलांसाठी ६ जानेवारी १९०७ रोजी एक बालगृह उघडण्यात आले. ते मारिया माँटेसरी यांच्याकडे सोपवण्यात आले. माँटेसरीबाई डॉक्टर होत्या. इटलीतील अगदी पहिल्या काही महिला डॉक्टरांपैकी त्या एक. रोग्याला तपासावे, तशा बारकाईने त्या मुलांचे निरीक्षण करू लागल्या.

एके दिवशी त्यांनी सुमारे तीन वर्षांची एक मुलगी पाहिली. तिच्यासमोर लाकडाचा एक ठोकळा होता. ठोकळ्यात लहानमोठी भोके होती आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा लाकडी दंडगोल होता. मुलगी सगळे दंडगोल बाहेर काढी, मिसळून टाकी आणि एकेक आपापल्या जागी बसवी. सगळे बसले, की पुन्हा काढी. माँटेसरीबाईंनी बाकीच्या मुलांना गाणे म्हणायला आणि फेर धरायला सांगितले. मुलीने मान वर केली नाही. मग बाईंनी तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. मुलीने ठोकळा घट्ट धरून ठेवला आणि टेबलावर पोचताच आपले काम पुढे चालू केले. बाई मोजत होत्या. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच काम केले. मग ती आपणहून थांबली आणि गाढ झोपेतून ताजेतवाने होऊन उठावे, तशी आनंदाने इकडेतिकडे पाहू लागली.

तिला कोणी बक्षीस देणार नव्हते. कोणी परीक्षा घेणार नव्हते. तरीही इतका वेळ काम करून ती थकली नाही, उलट प्रसन्न झाली. आपण मात्र एक डोळा पुस्तकात आणि एक डोळा मोबाइलवर ठेवून बसतो. हात कामात असतो आणि मन बाजारात फिरते. मग काम संपत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. मन लावून केलेले काम माणसाला कमी थकवते, ही गोष्ट त्या तीन वर्षांच्या मुलीने एका डॉक्टरबाईंना दाखवून दिली. पुढे माँटेसरीबाईंची पद्धत जगभर पसरली. १९३९ साली त्या भारतात आल्या, मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी शिक्षकांना शिकवले आणि १९४६ पर्यंत त्या आपल्या देशात राहिल्या.

तिसरा धडा : लहानालाही मान हवा

त्याच बालगृहातील आणखी एक प्रसंग माँटेसरीबाईंनी सांगितला आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक कसे पुसावे, हे शिकवले. रुमाल कसा धरावा, आवाज न करता नाक कसे स्वच्छ करावे, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. मुले हसतील, असे त्यांना वाटले होते. पण मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या! नाट्यगृहात वाजाव्यात, तशा टाळ्या. निघताना मुले त्यांच्या मागोमाग दारापर्यंत आली आणि त्यांचे आभार मानू लागली.

एवढे काय होते त्या धड्यात? बाई विचार करू लागल्या आणि त्यांना उलगडा झाला. या मुलांना नाकावरून सगळे जण बोलत असत. "शेंबडा कुठला!" म्हणून हिणवत असत. परंतु नाक कसे पुसायचे, हे त्यांना कोणीच शांतपणे शिकवले नव्हते. पहिल्यांदाच एका मोठ्या माणसाने त्यांचा अपमान न करता त्यांना शिकवले होते. टाळ्या त्यासाठी होत्या.

लहान मुलाला अपमान कळतो. त्याला शब्द सापडत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते, की त्याला काही कळत नाही. हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग तुम्ही ऐकला असेल. हजरत अनस (र.) यांच्या धाकट्या भावाला अबू उमैर म्हणत. त्याने एक लहानसे पाखरू पाळले होते. ते पाखरू मेले. मुलगा उदास बसला होता. पैगंबर घरी आले, तेव्हा त्यांनी त्या लहानग्याला नावाने हाक मारून त्याच्या पाखराची विचारपूस केली. ज्यांच्या डोक्यावर साऱ्या समाजाची चिंता होती, त्यांनी एका मुलाचे एवढेसे दुःख क्षुल्लक मानले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हा धडा शिकलेल्या दोन शिक्षिका होऊन गेल्या. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले होते. गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी वकिली सोडून १९२० साली तेथे बालमंदिर काढले आणि उरलेले आयुष्य मुलांना दिले. ताराबाईंनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी तर सुरू झाली, पण आदिवासींची मुले तेथे येईनात. "या मुलांना शिकायचेच नाही," असे म्हणून ताराबाईंना गप्प बसता आले असते. त्यांनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे न्यावी, असे त्यांनी ठरवले. आदिवासी पाड्यावर, घराच्या अंगणात त्यांची शाळा भरू लागली. महागडी खेळणी नव्हती. शंखशिंपले, खडे, पाने, बिया हेच शिकण्याचे साहित्य झाले. अंगणात भरणारी म्हणून तिला अंगणवाडी म्हणू लागले. १९७५ साली केंद्र सरकारने लहान मुलांसाठी देशभर योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. तुमच्या मोहल्ल्यातील अंगणवाडीचे नाव असे आले आहे.

जो समोर येत नाही, त्याला दोष देण्याआधी आपण त्याच्याकडे जाऊन पाहावे, हे ताराबाईंना पाड्यावरच्या मुलांनी शिकवले.

चौथा धडा : न मागता मदत

जर्मनीतील लाइपझिग शहरात दोन संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसाठी एक गंमत केली. संशोधक दोरीवर कपडे वाळत घालत असे आणि त्याच्या हातातून चिमटा खाली पडे. तो चिमट्याकडे हात लांबवी, पण चिमटा हाती येत नसे. कधी दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन तो बंद कपाटापाशी अडे. मुलांना कोणी काही सांगितले नव्हते. तरीही बहुतेक मुलांनी कधी ना कधी पुढे होऊन मदत केली. चिमटा उचलून दिला, कपाटाचे दार उघडून दिले. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला.

दोन वर्षांनी त्यांनी दुसरा प्रयोग मांडला. काही मुलांना मदत केल्याबद्दल खेळण्याची वस्तू दिली. काहींना नुसती शाबासकी दिली. काहींना काहीच दिले नाही. पुढे असे दिसले, की ज्यांना वस्तू मिळाली होती, ती मुले नंतर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली.

यातून काय घ्यायचे? मदत करण्याची इच्छा माणसाच्या मनात लहानपणापासून असते. "मला काय मिळेल?" हा प्रश्न आपण नंतर शिकतो. तो प्रश्न एकदा मनात शिरला, की चिमटा उचलायला आपला हात लवकर पुढे होत नाही. बसमध्ये म्हातारा माणूस उभा असतो आणि आपण खिडकीबाहेर पाहतो. अम्मी पाण्याची घागर उचलते आणि आपण अभ्यासाचे निमित्त सांगतो. अशा वेळी दीड वर्षाच्या त्या मुलांना आठवावे.

पाचवा धडा : "हे काय? असे का?"

तीन-चार वर्षांचे मूल प्रश्न विचारून भंडावून सोडते. चंद्र आपल्याबरोबर का चालतो? मासा पाण्यात बुडत का नाही? आजोबांच्या डोक्यावर केस का नाहीत? मिशेल शूनार नावाच्या संशोधक बाईंनी लहान मुलांचे घरातील बोलणे तपासले. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मोठ्यांशी बोलताना ही मुले तासाला सत्तरहून अधिक प्रश्न केवळ माहिती मिळवण्यासाठी विचारत होती. उत्तर नीट मिळाले नाही, तर तोच प्रश्न पुन्हा विचारत होती.

आता नववी-दहावीचा वर्ग पाहा. गुरुजी विचारतात, "समजले का?" सगळे एका सुरात म्हणतात, "समजले!" ज्याला समजले नाही, तो सर्वांत मोठ्याने म्हणतो. कारण प्रश्न विचारला, तर बाकीचे हसतील, ही भीती. मोठेपणी ही भीती आणखी वाढते. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेले समजत नाही, पण आपण मान डोलावतो. बँकेत कागदावर काय लिहिले आहे, ते न विचारता सही करतो. न विचारल्यामुळे एखाद्याची प्रकृती बिघडते, एखाद्याचे पैसे बुडतात. एक साधा प्रश्न वेळेवर विचारला असता, तर ते टळले असते. "मला हे कळले नाही, पुन्हा सांगा," असे म्हणण्यात कमीपणा नाही. लहान मूल हे वाक्य दिवसभर वेगवेगळ्या शब्दांत म्हणत असते, म्हणून तर ते इतक्या झपाट्याने शिकते.

सहावा धडा : कट्टी आणि बट्टी

लहान मुले भांडतात. चेंडूवरून भांडतात, झोपाळ्यावरून भांडतात. करंगळी दाखवून कट्टी करतात. थोड्या वेळाने पाहावे, तर दोघे एकाच फळीवर बसून खेळत असतात. "तू तर त्याच्याशी कट्टी केली होतीस ना?" असे विचारले, तर त्यालाच नवल वाटते. कट्टी सकाळची होती. आता दुपार झाली!

मोठ्यांची कट्टी दुपारी संपत नाही. वीतभर जमिनीवरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे होतात. एकाच्या घरी लग्न निघते, पण दुसऱ्याला बोलावणे जात नाही. दारे समोरासमोर असतात आणि ईदच्या दिवशीही शीरखुर्म्याची वाटी या घरातून त्या घरात जात नाही. भांडण कशावरून झाले, हे पुढच्या पिढीला माहीत नसते. अबोला मात्र वारशाने मिळतो. अशा घरांतली लहान मुलेच पुष्कळदा भिंत ओलांडून एकत्र खेळतात आणि मोठ्यांना खाली पाहायला लावतात. तुमच्या घरी असे काही असेल, तर एक वाटी घेऊन जाण्याचे काम तुम्ही करू शकता. तुम्ही अजून त्या वयात आहात, की कोणी तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही.

काय घेऊ नये

यावरून लहान मुलांचे सगळेच घ्यावे, असे समजू नका. लहान मूल हट्ट करते, दुसऱ्याच्या हातातले हिसकावते, हवे ते मिळाले नाही तर जमिनीवर लोळण घेते. ते त्याच्या वयाला शोभते. पस्तीस वर्षांच्या माणसाने तसे केले, तर त्याला आपण बालिश म्हणतो. वाट पाहणे, राग आवरणे, वाटून खाणे, दिलेला शब्द पाळणे, या गोष्टी वयाबरोबर शिकाव्याच लागतात. मोठे होताना बालिशपणा सुटावा आणि मनाचा निर्मळपणा मात्र राहावा. आपल्याकडे पुष्कळदा उलट होते. निर्मळपणा आधी जातो आणि हट्ट तेवढा मागे राहतो.

शेवटचा धडा : चुकत चुकत बोला

आता थोडे तुमच्या मराठीविषयी. घरी आपण उर्दू बोलतो. शाळेत उर्दूतून शिकतो. मराठीच्या तासाला "उभे राहून चार वाक्ये बोला," असे म्हटले, की किती माना खाली जातात! शब्द येत नाहीत, असे नसते. चूक होईल, कोणी हसेल, ही भीती तोंडाला कुलूप घालते. मग एसटीच्या खिडकीवर, तलाठ्याच्या कार्यालयात, नोकरीच्या मुलाखतीत तेच कुलूप आड येते.

तुमचा धाकटा भाऊ बोलायला कसा शिकला, ते आठवा. तो 'रोटी'ला 'लोती' म्हणत होता. "अम्मी आया, अब्बा आयी," असे म्हणत होता. सगळे हसले, तर तोही हसला आणि पुढचे वाक्य बोलला. व्याकरण पुरे शिकून मगच तोंड उघडीन, असे त्याने म्हटले असते, तर तो आजही मुकाच राहिला असता. मराठीही अशीच येते. आधी चुकत बोलावे, मग कमी चुकत बोलावे, मग नीट बोलावे. शिवाय या भाषेत तुमच्या ओळखीचे शब्द कमी नाहीत. हिंमत, मदत, हिशेब, कागद, जमीन, हजेरी, मजूर, शाबास हे शब्द दोन्ही घरांत नांदतात.

वय वाढल्यावर हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव दाखवावे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर अडकवून शाळेत येऊ लागल्या. लहानपणी त्यांना कोणी शाळेत घातले नव्हते. अंगठा उठवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या पाटीवर स्वतःचे नाव गिरवू लागल्या. घरी अभ्यास कोण घेई? त्यांचीच नातवंडे! नातवंड आजीचा हात धरून अक्षर काढून घेई. ज्या हाताने नातवंडाला चालायला शिकवले, तोच हात आता नातवंडाच्या हातात होता. शिकण्यात वय आड येत नाही. आड येते ती फक्त लाज. फांगण्याच्या आज्यांनी ती दप्तराबरोबर दारातच उतरवून ठेवली.

मित्रांनो, तुम्ही आज मधल्या पायरीवर उभे आहात. एका बाजूला तुमची लहान भावंडे आहेत, दुसऱ्या बाजूला मोठ्यांचे जग आहे. आणखी चार-पाच वर्षांत तुम्ही त्या जगात जाल. कोणी कारखान्यात जाईल, कोणी दुकान चालवील, कोणी शिक्षिका होईल, कोणी दूरच्या शहरी जाईल. जाताना अंगावरचे कपडे बदलतील, बोलणे बदलेल. पण पुन्हा उठण्याची हिंमत, प्रश्न विचारण्याची हौस, न मागता पुढे होणारा हात आणि दुपारपर्यंत विरघळणारा राग, एवढे सामान सोबत न्यायला विसरू नका. त्याला वजन नसते आणि वाटेत त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

शब्दार्थ

विस्तव – आग, अंगार
उच्छाद मांडणे – खूप त्रास देणे, धुडगूस घालणे
निरीक्षण – बारकाईने पाहणे
दंडगोल – नळीसारखा गोल व लांबट आकार
हिणवणे – कमी लेखून बोलणे, जलील करणे
क्षुल्लक – अगदी लहान, मामुली
विचारपूस – खुशाली विचारणे, मिजाजपुर्सी
पाडा – आदिवासींची लहान वस्ती
अबोला – बोलणे बंद असणे
बालिश – वयाला न शोभणारे, पोरकट
निर्मळ – स्वच्छ, साफ
हौस – आवड, शौक

स्वाध्याय

प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) चालायला शिकणारी मुले एका तासात सरासरी किती वेळा पडत होती?
(आ) सान लोरेन्झो येथील बालगृह कोणत्या साली सुरू झाले?
(इ) अबू उमैर का उदास झाला होता?
(ई) फांगणे येथील आज्यांचा अभ्यास घरी कोण घेत असे?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) नाक पुसण्याच्या धड्यानंतर मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण ...
(आ) ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, कारण ...
(इ) वर्गात न समजूनही मुले "समजले" म्हणतात, कारण ...

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ठोकळा घेऊन बसलेल्या मुलीकडून आपण काय शिकावे?
(आ) लहानांची कट्टी आणि मोठ्यांचा अबोला यांत कोणता फरक आहे?
(इ) 'बालिशपणा सुटावा आणि निर्मळपणा राहावा', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
मान खाली घालणे, तोंडाला कुलूप घालणे, भंडावून सोडणे, दमछाक होणे.

प्र. ५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द या पाठातून व घरच्या बोलण्यातून शोधून लिहा.

उपक्रम : आपल्या घरातील किंवा शेजारच्या लहान मुलाचे अर्धा तास निरीक्षण करा. ते किती प्रश्न विचारते, चुकल्यावर काय करते, कोणाला मदत करते, हे वहीत लिहा. लिहिलेले वर्गात मराठीतून सांगा. बोलताना चूक झाली तर थांबू नका, पुढचे वाक्य बोला.